बग सापडत नाहीये? बेकनचे ३ तक्ते वापरून बघा

अ‍ॅप अडकलं की आपण काय करतो? रीस्टार्ट, कॅशे क्लिअर, शेवटी अनइन्स्टॉल. सगळं अंदाजपंचे! डेव्हलपर असून मीही तेच करायचो.

इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये ‘नोव्हम ऑर्गॅनम’ म्हणजे ‘नवं साधन’ हे पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं: जुनं तर्कशास्त्र वादात जिंकायला ठीक, पण नवीन शोध लावायला कामाचं नाही. मग उष्णता म्हणजे काय हे शोधायला त्याने तीन तक्ते केले.

१. आहे: जिथे उष्णता आहे अशा गोष्टी. उदा. ऊन, ज्वाळा.
२. नाही: तशाच गोष्टी, पण उष्णता नाही. ऊन तापतं, चांदणं तापत नाही. म्हणजे नुसता उजेड हे कारण बाद!
३. कमी-जास्त: उष्णता बदलते तेव्हा सोबत काय बदलतं?

एकेक कारण बाद करत तो पोचला ते इथे: उष्णता ही एक प्रकारची हालचाल आहे. आजचं विज्ञानही रेणूंच्या हालचालीबद्दलच बोलतं.

आता माझा किस्सा. आमच्या एका अ‍ॅपमध्ये काही जणांचे फॉर्म सबमिटच होत नव्हते. मी तक्ते केले. तोच फोन, तीच अँड्रॉइड आवृत्ती, तेच नेटवर्क, तरी एकाचं चालतंय, दुसऱ्याचं नाही. म्हणजे ही तिन्ही कारणं बाद. तिसऱ्या तक्त्यात दिसलं की फॉर्ममध्ये जितके आकडे, तितके एरर. आकडे नसतील तर फॉर्म बिनधास्त जातो.

मग भाषेचा रकाना जोडला आणि ट्यूब पेटली. अडकलेले सगळे फोन मराठीत होते! मराठी सेटिंगमध्ये आमचा कोड आकडे देवनागरीत पाठवत होता आणि सर्व्हरला ते कळत नव्हते. हिंदीतले फोन मात्र ठीक चालत होते, कारण तिथे अंक इंग्रजीच राहत होते. फिक्स एका ओळीचा निघाला. पण तोवर आम्ही लोकांना ‘फोन इंग्रजीत करा’ असं सांगत होतो, याची लाज वाटली.

एक लक्षात ठेवा: तक्ता चुकीची कारणं गाळतो, पण रकाने सुचवत नाही. भाषेचा रकाना मला आधी सुचलाच नव्हता. ते डोकं आपलंच लावावं लागतं.

पुढच्या वेळी बॅटरी भराभर उतरली, तर फोनला शिव्या घालण्याआधी हे तीन तक्ते कागदावर करून बघा.