चालतंय ना, मग कशाला उघडायचं?

गेल्या दसऱ्याला माझ्या एका मित्राच्या आईंनी गोदरेजच्या कपाटातून एक डबी काढली. आत चावीचं ओमेगा. 1968 साली लग्नात सासऱ्यांनी जावयाला, म्हणजे मित्राच्या वडिलांना, दिलेलं. वडील गेल्यापासून ते कुणाच्या मनगटावर चढलं नव्हतं. मित्राने सहज दहाबारा वेळा चावी फिरवली आणि घड्याळ टिकटिकू लागलं. "बघ, अजून ठणठणीत आहे!" आईंचा चेहरा उजळला. मित्र आठवडाभर ते घालून ऑफिसला गेला.

त्याच घरातल्या भाच्याने पाच वर्षांपूर्वी पहिल्या मोठ्या बोनसमधून एक नवं स्विस ऑटोमॅटिक घेतलं होतं. ते सुरेख चालत होतं, पण पाच वर्षं झाली, आता सर्व्हिसिंग करायलाच हवं, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

या दोघांनी आपापल्या काळजीची अदलाबदल करायला हवी होती.

आजच्या बहुतेक चांगल्या ऑटोमॅटिक घड्याळांचे तासाला 28,800 ठोके पडतात. सेकंदाला आठ, दिवसाला 6,91,200, वर्षाला पंचवीस कोटींच्या वर. हे सगळं केसाएवढ्या जाडीच्या पोलादी टोकांवर तोललेलं असतं. ती टोकं कृत्रिम माणकांच्या भोकांत फिरतात. डायलवर '17 ज्वेल्स' लिहिलेलं असतं ते याचंच. माणकाला एक बारीकशी वाटी कोरलेली असते आणि तेलाचा सूक्ष्म थेंब तिथे केशाकर्षणाने धरून राहतो. काही वर्षांनी हे तेल पसरतं, उडतं, जुन्या पद्धतीचं असेल तर चिकट होतं. (एके काळी घड्याळाचं उत्तम तेल डॉल्फिनच्या जातीच्या माशांच्या जबड्यातून काढत. मासे म्हणायचं ते आपल्या सवयीने. ते सस्तन प्राणी.)

तेल सुकलं म्हणून घड्याळ लगेच थांबत नाही, हीच खरी पंचाईत. ते चालतच राहतं. सुकलेलं तेल, धूळ आणि धातूची भुकटी यांचा लेप होतो आणि सहाणेवर खोड उगाळावं तशी आसाची टोकं झिजत जातात. वेळ मात्र कधी कधी बरोबरच दाखवतात काटे, कारण एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने फिटते.

मग दर किती वर्षांनी उघडायचं? रोलेक्स सुमारे दहा वर्षं सांगते, ओमेगा पाच ते आठ. पण हे आकडे सरासरी गिऱ्हाइकासाठी असतात. माझा हिशेब वेगळा आहे: या घड्याळाचा झिजलेला भाग उद्या मिळेल का? भाच्याच्या घड्याळाचे सुटे भाग कंपनीकडे भरपूर आहेत. सर्व्हिस सेंटर ते पूर्ण खोलतं, धुतं आणि झिजलेले भाग बहुतेक वेळा त्याच बिलात बदलतं. पाचाऐवजी सातव्या वर्षी गेलात तरी फार बिघडत नाही. वडिलांच्या 1968 सालच्या घड्याळाचं तसं नाही. त्यातलं एखादं चक्र झिजलं, तर दुसरं जुनं घड्याळ मारून त्याचा अवयव काढावा लागतो. म्हणून नव्या, महागड्या घड्याळाने लक्षणं दिसेपर्यंत थांबावं. जुन्याने थांबू नये. आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्याला तर उघडून पाहिल्याशिवाय चावीही देऊ नये. बंद घड्याळ झिजत नाही, सुक्या तेलावर चालवलेलं झिजतं.

लक्षणं ओळखायला फारसं काही लागत नाही. मोबाइलशी वेळ जुळवा, दर रविवारी फरक वहीत लिहा. रोज सहा सेकंद पुढे जाणारं घड्याळ निरोगी असतं. आज चार सेकंद पुढे, परवा नऊ मागे, असं जे करतं त्याच्याकडे लक्ष द्यावं. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्रसुद्धा दिवसाला सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा देतं, तेव्हा सेकंदासेकंदासाठी जीव टाकू नये. पूर्ण चावी दिल्यावर पूर्वी चाळीस तास चालणारं घड्याळ आता तिशीतच मान टाकत असेल, हात हलवल्यावर आतला रोटर खडखडत असेल, तर मात्र वेळ आली.

याहून खात्रीचा उपाय टाइमग्राफरचा. घड्याळ त्या यंत्राच्या माइकवर ठेवलं की ते ठोके ऐकून बॅलन्स व्हील किती अंशांत झुलतंय हे सांगतं. पूर्ण चावीवर आडवं ठेवलेलं निरोगी घड्याळ साधारण 270 ते 310 अंश झुलतं. उभं धरल्यावर हा आकडा 220च्या खाली घसरत असेल, तर काटे काहीही म्हणोत, तेल संपलंय. पाच मिनिटांचं काम आहे, मागचं झाकणही उघडावं लागत नाही.

एक गंमत. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं, तर घाबरून सर्व्हिसिंगला टाकू नका. टॅबलेटच्या कव्हरातलं किंवा ब्लूटूथ स्पीकरमधलं चुंबक बहुधा त्याला बाधलंय. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व उतरवायला काही सेकंद पुरतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात सबुरी सांगणार नाही. डायलवरच्या '30 मीटर'चा अर्थ तीस मीटर खोल बुडी मारा असा नाही. हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, एवढाच. रबरी गॅस्केट काळाने कडक होतात, घड्याळ वापरा की न वापरा. घड्याळ घालून पोहणाऱ्यांनी वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट करून घ्यावी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी. मुंबईच्या किंवा कोकणातल्या जुलैत काचेच्या आतून धुकं धरलं, तर ते उन्हात वाळवत बसू नका, तांदळाच्या डब्यातही खुपसू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे जा. गंज तेलासारखी वर्षं घेत नाही.

आणि देताना पावतीवर लिहून घ्या: पॉलिश नको. प्रत्येक घासणीला केसच्या कडांचा थोडा धातू जातो, तो परत येत नाही. जुनं घड्याळ असेल तर डायल बदलू नका, रंगवू नका, हेही लिहा. रंगवलेल्या डायलच्या आणि दहा घड्याळांचे भाग जोडून केलेल्या मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं निघावं, याचं वाईट वाटतं.

शेवटी मित्राने ओमेगा काढून ठेवलं आणि एका वयस्क घड्याळजींकडे नेलं. मीही गेलो होतो. तेल वाळून तपकिरी वार्निशासारखं झालं होतं, पण टोकं शाबूत होती; आठच दिवस चाललं होतं ते. "नशीब, महिनाभर नाही घातलंत," डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणाले. मग त्यांनी मागचं झाकण उलटं करून आमच्यापुढे धरलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या, नीट पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या चार ओळी होत्या. घड्याळ उघडणारा कारागीर आपली खूण आणि तारीख तिथे टाकून ठेवतो, ही जुनी रीत. 1973, 1978, 1982, 1987. वडील दर चारपाच वर्षांनी न चुकता जात होते. मित्राला हे ठाऊकच नव्हतं. त्याने भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ ते आकडे पाहत राहिला.