गाजर गवताची खाज म्हणजे नायटा नव्हे

खुरपणीच्या दिवसांत बायका बांधावरचं गाजर गवत उपटतात. एक-दोन दिवसांनी पापण्या सुजतात, मानेवर नि कोपराच्या लवणीत खाज सुटते. घरात निदान ठरलेलं: नायटा! मग तिचा टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं. हा तिच्यावर अन्याय आहे. नायटा बुरशीमुळे होतो आणि पसरतो. ही मात्र ॲलर्जी आहे, एकीची दुसरीला लागत नाही.

हे तण भारतात पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं. त्याच्या पानांवरच्या लवीत आणि फुलांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं, खाजेचं मूळ तेच.

‘इतकी वर्षं उपटतेय, मला काही होत नाही,’ असं अनेकजणी सांगतात. पण ही ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या संपर्कानंतरही जडू शकते. एकदा जडली की गवताला हात लावायचीही गरज उरत नाही. वाऱ्यावर उडणारी त्याची धूळ पुरते. म्हणून तर हातांपेक्षा चेहरा आणि मान जास्त भाजल्यासारखी दिसते आणि लोक उन्हाला दोष देतात. वाळलेलं गवतही निर्धोक नसतं.

सर्वांत घातक समज मेडिकलमधल्या ट्यूबचा. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉईड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून विश्वास बसतो. बंद केलं की ती उसळून येते, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते. खरोखरच नायटा असेल तर तो आणखी फोफावतो. डॉक्टरही स्टेरॉईड देतात, पण किती तीव्र, कुठे आणि किती दिवस, हे ठरवून.

गवत फुलायच्या आत उपटावं. अंगभर कपडे, नाका-तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे हवेत. सुती मोज्यांतून रस झिरपतो. घरी येताच कपडे बदलून सौम्य साबणाने अंग धुवावं, खोबरेल लावावं. ज्यांना ॲलर्जी झालीच आहे, त्यांनी हे काम सोडलेलंच बरं. शेवंतीच्या तोडणीनेही त्यांना त्रास होऊ शकतो, कारण दोन्ही एकाच कुळातली.

डॉक्टरकडे गेलात की पुरळ दाखवण्याआधी आपण काम काय करतो ते सांगा आणि पॅच टेस्टबद्दल, म्हणजे ॲलर्जी कशाची आहे हे कातडीवर तपासणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा. आणि शेतमालकांनो, मजुरीबरोबर मोज्यांचा एक जोडही द्या.