हॉटेलातील काचेचा पेला : निगा, साठवण आणि विश्वास

येवल्याच्या विंचूर चौफुलीवर नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. मनमाडला गाडीतून उतरून शिर्डीकडे निघालेले भाविक, लग्नाच्या पैठणीसाठी आलेली कुटुंबे, बाजार समितीत कांदा उतरवून मोकळे झालेले शेतकरी असे नाना प्रकारचे लोक या परिसरात चहापाण्यासाठी थांबतात. त्यांच्या हाती येणारा काचेचा ग्लास काही मिनिटांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या तरी ओठांना लागलेला असतो. तो नीट धुतला गेला का, त्याच्या काठाला टवका उडालेला नाही ना, हे गिऱ्हाईक सहसा पाहत नाही. तो विश्वासाने पितो. हा विश्वास सांभाळण्याचे काम हॉटेलच्या मोरीत आणि मांडणीवर होत असते.

‘काच आहे, फुटायचीच’ असे म्हणून या विषयाची बोळवण केली जाते. वस्तुतः ग्लास फुटण्यामागे बहुतेक वेळा ठराविक कारणे असतात आणि त्यातील बरीचशी टाळता येण्याजोगी असतात.

काच तडकते कशी?

नेहमीच्या वापरातील ग्लास वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या मिश्रणापासून तयार होतो. त्यात सुमारे 70 टक्के वाळूतील सिलिका असते. ही काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचे कारण उलगडून दाखवले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चरे असतात. ताण पडला की तो या चऱ्यांच्या टोकाशी एकवटतो आणि तेथून तडा धावत सुटतो. म्हणूनच काल वाजता वाजता वाचलेला ग्लास आज नुसत्या धक्क्याने फुटतो. तारेची घासणी, राख, वाळू, मोरीत एकमेकांवर आदळणारे ग्लास आणि त्यांच्यात टाकलेले चमचे ही सारी नवे चरे पाडण्याची साधने होत.

दुसरे कारण तापमानातील अचानक बदल हे आहे. थंड पाण्यातून नुकत्याच काढलेल्या ग्लासात उकळता चहा ओतला की आतील थर तत्काळ प्रसरण पावतो, बाहेरील थर मात्र थंडच राहतो. या ओढाताणीत काच तडकते. साध्या काचेला साधारण 40 ते 50 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक एकदम सोसणे जड जाते. जाड बुडाचा ग्लास अधिक भक्कम असतो, हा समजही येथे फसवा ठरतो. काच जितकी जाड, तितका आतबाहेरच्या तापमानातील फरक अधिक काळ टिकतो. त्यामुळे जानेवारीच्या थंडीत पहिल्या चहाआधी ग्लास कोमट पाण्यातून काढावेत. बर्फाचे पेय ज्यातून दिले तो ग्लास लगेच गरम पाण्यात बुडवू नये आणि भट्टीजवळच्या फळीवरचा तापलेला ग्लास थंड सरबतासाठी घेऊ नये.

ज्या हॉटेलात दिवसभर चहा चालतो तेथे कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड काचेचे ग्लास परवडतात. ही काच तापवून तिचा पृष्ठभाग वेगाने थंड केलेला असतो. त्यामुळे तिच्या बाहेरील थरात कायमचा दाब राहतो आणि चरा सहजी पसरत नाही. मात्र तिच्यावर खोल ओरखडा पडला तर ती एकदम बारीक तुकड्यांत विखुरते. म्हणून तिलाही हलक्या हातानेच वागवावे लागते.

पाण्याचे डाग

येवला तालुक्याचा उत्तर-पूर्व भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. पालखेड डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे येथे सर्वांचे डोळे लागलेले असतात आणि उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी हॉटेलांचा आधार म्हणजे विंधनविहीर. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याचदा अधिक असतात. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. पर्यायी स्रोत नसेल तरच 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो.

असे पाणी ग्लासवरच वाळले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पांढुरके ठिपके दिसतात ते त्यांचेच. साबणही या पाण्यात नीट फेसाळत नाही आणि त्याचा चिकट थर काचेवर बसतो. हे डाग खरवडून काढण्याचा मोह टाळावा. पांढरे व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन, किंवा पाण्यात थोडे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात ग्लास दहा-पंधरा मिनिटे ठेवले की क्षार आपोआप सुटतात. एवढे करूनही धूसरपणा गेला नाही, तर काचेचा पृष्ठभागच झिजला असे समजावे. तीव्र अल्कली पावडर, फार गरम पाणी आणि यंत्रातील वारंवार धुणे यांमुळे अशी झीज होते. ती भरून निघत नाही.

धुण्याची रीत

पुष्कळ ठिकाणी एकाच बादलीत सकाळपासून ग्लास बुचकळले जातात. ते चकचकीत दिसले तरी त्या पाण्यातून एकाचे जंतू दुसऱ्यापर्यंत पोचतात. पाणी कमी असले तरी तीन भांड्यांची रीत पाळता येते. पहिल्या भांड्यात कोमट पाणी आणि साबण, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात निर्जंतुक करणारे द्रावण. दुसऱ्या भांड्यातील पाणी पुढच्या खेपेला साबणासाठी वापरले तर पाण्याची बचतही होते.

पाच टक्के क्लोरीन असलेले द्रावण बाजारात मिळते. दहा लिटर पाण्यात त्याचे दहा मिलिलिटर मिसळले की दर लिटरला सुमारे 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. धुतलेला ग्लास त्यात मिनिटभर बुडवून उपडा करून वाळू द्यावा. हे द्रावण उन्हात आणि जुने झाल्यावर निष्प्रभ होते, म्हणून ते दररोज ताजे करावे. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व त्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्यांच्याकडे गरम पाण्याची सोय आहे त्यांना क्लोरीनऐवजी 77 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ग्लास अर्धा मिनिट ठेवता येतात. मात्र ते आधी कोमट केलेले असावेत.

ग्लास नेहमी आधी धुवावेत, तेलकट ताटे नंतर. तेलाचा लवलेशही काचेला मंद करतो. परमिट रूममधील बिअरचा फेस लगेच बसतो त्यामागेही बहुधा ग्लासला लागलेले तेल किंवा साबण असतो. टेबल पुसण्याच्या फडक्याने ग्लास पुसणे ही तर स्वच्छतेची थट्टाच होय. ग्लास हवेवर वाळवावेत आणि पुसायचेच असतील तर त्यासाठी धागे न सुटणारे वेगळे फडके ठेवावे.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांपासून वाइन बनविण्याचा उद्योग वाढला. 2001 च्या राज्य धोरणानंतर येवल्याजवळ विंचूरला वाइन पार्क आले. त्याबरोबर उंच दांड्याचे नाजूक ग्लासही येथील हॉटेलांत दिसू लागले. ते पुसताना एका हाताने तळ आणि दुसऱ्या हाताने वाटी धरून पिळले की दांडा मोडतो आणि तळहात कापतो. हा ग्लास वाटीलाच आधार देऊन पुसावा.

ठेवण कशी असावी?

ग्लास उपडा ठेवावा की उताणा, हा जुना वाद आहे. काठ हा ग्लासचा सर्वांत दुबळा भाग. उपडा ठेवल्यास भार काठावर येतो आणि आतील दमट हवा कोंडते. उताणा ठेवल्यास धूळ बसते. रस्त्याकडेच्या हॉटेलात धूळ टाळता येत नाही. तेथे छिद्रांच्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर ग्लास उपडे ठेवावेत. हवा खालून खेळते आणि काठ फळीवर आपटत नाही. बंद कपाट असेल तर पातळ ग्लास उताणे ठेवणे इष्ट. प्रत्येक ग्लासला वेगळा खण असलेले क्रेट सर्वांत सुरक्षित असतात. चहा वाहून नेण्याची तारेची जाळी तरी दुसरे काय आहे? ग्लास एकमेकांना लागू न देणे, हेच तिचेही सूत्र आहे.

ग्लासमध्ये ग्लास घालून मनोरे रचू नयेत. ओले ग्लास असे अडकले की त्यांच्यातील ओलावा काचेतील सोडा बाहेर ओढतो आणि कायमचा पांढरा पट्टा उमटतो. अडकलेले ग्लास ओढून काढू नयेत. आतल्या ग्लासात थंड पाणी घालावे, बाहेरचा कोमट पाण्यात धरावा, म्हणजे ते अलगद सुटतात. खोक्यात साठवलेल्या ग्लासला पावसाळ्यात पुठ्ठ्याचा कुबट वास लागतो, म्हणून तो वापरण्यापूर्वी धुवावाच लागतो.

फुटल्यावर

येवल्याला काचेच्या चुऱ्याची धार वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. येथील संक्रांतीचा पतंगोत्सव प्रसिद्ध आहे आणि मांजाला काचेचा चुरा लावण्याची रीत जुनी आहे. तोच चुरा पेयात गेला तर काय होईल, याचा विचार प्रत्येक हॉटेलचालकाने करायला हवा. बर्फ ग्लासने उपसण्याची सवय म्हणूनच घातक आहे. त्यासाठी धातूचा किंवा प्लॅस्टिकचा डाव ठेवावा. बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला तर पेटीतील सगळा बर्फ फेकून पेटी धुवावी, कारण बर्फात काच दिसत नाही. उघड्या अन्नाजवळ फुटला तर त्या अन्नाचा मोह सोडावा. तुकडे हाताने न वेचता झाडूने गोळा करावेत, ओल्या कागदाने कण टिपावेत आणि कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही अशा जाड वेष्टनात बांधून वेगळा द्यावा.

टवका उडालेला ग्लास त्याच क्षणी बाद करावा. फुटलेल्या ग्लासचे पैसे कामगाराच्या पगारातून कापण्याची प्रथा येथे आड येते. पैसे कापले जाणार म्हटल्यावर टवका उडालेला ग्लास गुपचूप मांडणीवर परत जातो आणि तो कोणाच्या तरी ओठाला लागतो. त्यापेक्षा आठवड्याला किती ग्लास फुटले, ते टेबलावर, मोरीत की फळीवर, याची वही ठेवावी. दोन महिन्यांत खरे कारण समोर येते आणि ते बहुधा अरुंद मोरी किंवा अपुरी मांडणी असे साधेच असते.

सर्वांसाठी एकच पेला

काचेच्या पेल्याशी येवल्याचे नाते आणखी एका अर्थाने आहे. याच येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. त्या काळी आणि पुढेही दीर्घकाळ गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या, बहुधा फुटक्या कपबशा बाहेर ठेवल्या जात आणि त्या पिणाऱ्यानेच धुवाव्या लागत. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, सार्वजनिक हॉटेलातील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा गुन्हा ठरवला.

आज चौफुलीवर एकाच जाळीतून आलेले ग्लास कोणाच्याही हाती जातात. ही समता अनेकांच्या संघर्षातून मिळालेली आहे. सर्वांसाठी एकच पेला असेल, तर तो सर्वांसाठी सारखाच स्वच्छ आणि अखंडही असायला हवा. त्यासाठी फार खर्च लागत नाही. तीन भांडी, एक जाळी, एक वही आणि दिवसाच्या अखेरीस प्रत्येक ग्लास उजेडाकडे धरून काठावरून नजर फिरवण्याची सवय एवढे पुरेसे आहे.