फ्लॉपी उघडली, मराठी उघडेना!

विदर्भातल्या तालुक्याचं नाव केळापूर, त्याची कचेरी मात्र पांढरकवड्यात! जुन्या फ्लॉप्यांचंही असंच असतं. लेबलवर ‘हिशेब’ आणि आत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. म्हणून लेबलावर विश्वास ठेवून एकही फ्लॉपी फेकू नका.

गंमत मापापासूनच सुरू होते. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एमबी लिहिलेलं असतं, पण हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, ट्रॅकमध्ये १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट: एकूण १४,७४,५६० बाइट. म्हणजे हजाराच्या हिशेबाने १.४७ आणि १०२४ च्या हिशेबाने १.४१. दोन्ही पद्धतींची खिचडी केली की १.४४! मोबाइलचा एक फोटो यात मावताना मारामार, कादंबरी मात्र आरामात बसते.

त्यातही मराठी कादंबरी तेव्हा जास्त सुटसुटीत होती. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत एका अक्षरचिन्हाला एक बाइट पुरायचा. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात. मजकूर तोच, वजन जवळजवळ तिप्पट.

खरी मेख पुढे आहे. श्रीलिपी, आकृती असल्या सॉफ्टवेअरवर डीटीपीवाल्यांनी पानंच्या पानं टाइप केली, पण प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी. फाइल सहीसलामत मिळते, उघडली की पडद्यावर टोप्या-टिंबं घातलेल्या रोमन अक्षरांची गिचमीड. फाइल बिघडलेली नसते, तिचा फॉन्ट हरवलेला असतो. तेव्हा मजकुराच्या फ्लॉपीइतकीच फॉन्टची फ्लॉपीही जपा. माझ्या मते पहिला मान तिचाच.

आता हात लावण्याआधी. पत्र्याखालच्या माळ्यावर विदर्भातला मे सोसलेली फ्लॉपी पावसाळ्यात बुरशी धरते. धातूची झडप हळूच सरकवा, मागची चकती बोटाने फिरवा आणि तबकडी उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर थांबा. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाते. तबकडी स्वच्छ असेल तर कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. (सव्वापाच इंचीत उलटं: तिथे खाच चिकटपट्टीने झाकायची.) मग फाइली एकेक उचलण्याआधी अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, कॉम्प्युटरवर काढून घ्या. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह हटून बसला तर ‘ग्रीझवीझल’ नावाचा छोटा बोर्ड चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवतो.

घरगुती ‘स्पेक्ट्रम’ कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र गाण्यांच्या कॅसेटी तपासाव्यात. त्यांचे प्रोग्राम टेपरेकॉर्डरवर साठवलेले असत.

वडिलांच्या घरी एकदा डोकावाच. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचा हरवलेला मूळ कोड त्याचा कर्ता जॉर्डन मेकनरला २०१२ मध्ये मिळाला, तो वडिलांना सापडलेल्या खोक्यातल्या फ्लॉप्यांमुळे.

आणि एखाद्या डिस्कचं नाव ‘ब्रेन’ दिसलं तर दचकू नका. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी सोडलेला हा व्हायरस आजच्या कॉम्प्युटरला काही करू शकत नाही. त्याच्या कोडमध्ये त्या भावांनी आपली नावं तर लिहिलीच, वर दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही!