पिंपात मुरलेलं झाड

झाडाला पळता येत नाही, बाळांनो. वाळवी लागली, बुरशी चढली, भुंग्याने भोक पाडलं, तरी ते जागच्या जागी उभं. मग ते करतं काय? खोडाच्या मधल्या गाभ्यात कडू, तुरट, उग्र द्रव्यं साठवून ठेवतं. कितीतरी झाडांचा गाभा काळपट दिसतो तो त्यामुळेच. आणि नवलाची गोष्ट अशी की झाड तोडलं, फळ्या कापल्या, त्यांचा पाट केला तरी ही द्रव्यं तिथेच टिकून असतात. पाणी भेटलं की हळूहळू बाहेर पडतात.

हा पेला बघा. बिवळ्याच्या लाकडाचा. इथे बेंगळुरात लोक या झाडाला होन्ने म्हणतात. रात्री यात साधं पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं. आता ते काचेच्या ग्लासात ओता आणि खिडकीतल्या उन्हात धरा. पाणी तपकिरी झालंय ना? आता ग्लास जरा कलता करून कडेकडेने बघा. निळी झाक दिसते! उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. लाकडातून उतरलेलं द्रव्य ते गिळतं आणि त्यांच्या बदल्यात निळा उजेड देतं. आता एक घोट घ्या. तुरट लागलं? तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. मधुमेहाला हे पाणी प्यायची जुनी रीत आहे. औषध मात्र डॉक्टरांचंच घ्यायचं.

एका रात्रीत पाण्याने एवढं काढलं. मद्य तर लाकडातून पाण्याला न जमणाऱ्या गोष्टीही ओढून काढतं. ते चाखायचं तुमचं वय नाही, पण समजून घ्यायला काहीच हरकत नाही.

आपल्या म्हैसूर रोडवर कंबीपूरला अमृत डिस्टिलरीज आहे. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी ही कंपनी काढली. आडनाव ओळखीचं वाटतं की नाही? त्यांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांनी २००४ मध्ये इथली सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोला, व्हिस्कीच्या माहेरीच, नेऊन विकायला ठेवली. केवढी हिंमत म्हणायची ही! ती मुरते ओकच्या पिंपात. ओकच का? प्रत्येक झाडाच्या खोडात मुळाकडून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पांढरा ओक गाभा तयार करताना या नळ्या स्वतःच बंद करतो: शेजारच्या पेशी फुगून नळीत शिरतात आणि वाट बुजवतात. तांबड्या ओकच्या नळ्या मात्र उघड्याच राहतात. त्याच्या तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे येतात. अशा लाकडाचं पिंप गळणारच.

पिंप आतून जाळतात. त्या आचेने लाकडातलं लिग्निन तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वास याच रेणूचा. ओकमधलं दुसरं एक द्रव्य चक्क नारळाचा वास देतं. दिवसा ऊन तापलं की मद्य फुगून फळीत शिरतं, रात्री गार झालं की मागे सरतं, आणि येताना हे सगळं घेऊन येतं.

पण फळी बंद असली तरी श्वास घेते. तिच्यातून थोडं थोडं मद्य हवेत उडून जातं. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात हा वाटा वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास, बेंगळुरात मात्र १० ते १२ टक्के. करा हिशेब. दोन्हीकडे १०० लिटर भरले, तर ८ वर्षांनी तिथे सुमारे ८५ लिटर उरतील. इथे १२ टक्क्यांनी ३६! अमृतने २०१३ मध्ये अशी ८ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली, तिच्या जेमतेम १४४ बाटल्या भरल्या. एरवी इथे चार-पाच वर्षांतच काम होतं.

आता सातासमुद्रापार ब्राझीलला चला. पोर्तुगीजांनी तिथे ऊस नेला. त्याच्या ताज्या रसापासून काढलेल्या मद्याला काशासा म्हणतात. ओक ब्राझीलच्या रानातलं झाड नव्हे. मग लोकांनी आपल्याच रानातली झाडं पारखली, आणि मला या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं. जेकितिबाचं लाकूड मोठं सोशिक. ते स्वतःचा वास फारसा देत नाही, फक्त मद्याचा तिखटपणा कमी करतं. बाल्समो बडीशेप-लवंगेच्या अंगाने जातं. आणि अंबुराना! तो शेंगांच्या कुळातला, म्हणजे आपल्या बिवळ्याचा लांबचा भाऊबंद. त्याच्या गाभ्यात कौमारिन असतं. वाळत्या गवताच्या गंजीजवळ जो गोडसर वास येतो ना, त्यात हेच असतं.

जाणकार चाखायला बसले की घोट घेण्याआधी ग्लास नाकाशी नेतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शातली ती उमामी चव, एवढंच कळतं. बाकी सगळं नाक ओळखतं. घोट गिळल्यावरसुद्धा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो. अंबुराना तर पेला ओठांना लागायच्या आधीच ओळखू येतो. तो इतका जोरकस असतो की फार काळ ठेवला तर उसाचा मागमूसही राहत नाही. म्हणून काही कारागीर थोडाच काळ अंबुरानात ठेवून मद्य दुसऱ्या पिंपात हलवतात, किंवा ओकमध्ये मुरलेल्यात त्याचा थोडासाच भाग मिसळतात.

या लाकडाला मागणी फार. फर्निचरला तेच हवं, पिंपांनाही तेच. तोडून तोडून अंबुराना आता धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत गेला आहे. तेव्हा जुनं पिंप मोडीत काढण्याऐवजी त्याच्या फळ्या आतून तासतात. वरचा धुऊन गेलेला थर निघाला की खालचं ताजं लाकूड उघडं पडतं, आणि पिंप पुन्हा भरायला तयार होतं.