लाकडी टग 'आर्थर फॉस' : एकोणऐंशी वर्षांची कमाई आणि नंतरचा खर्च

यंत्र जुने झाले की दुरुस्त करावे, विकावे की भंगारात काढावे, हा प्रश्न प्रत्येक धंदेवाल्याला कधी ना कधी पडतोच. लेथ असो, यंत्रमाग असो की मालाचा ट्रक, हिशेब सारखाच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'आर्थर फॉस' या लाकडी टगची हकीकत या दृष्टीने आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी वाचण्यासारखी आहे.

टग म्हणजे ओढणारी बोट. ती माल भरत नाही की उतारू घेत नाही. मजबूत सांगाडा, दणकट इंजिन आणि मागे जाड दोर, एवढेच तिचे भांडवल. दुसऱ्याचे जहाज किंवा बार्ज ओढून द्यायचे आणि त्याची मजुरी घ्यायची, हा तिचा धंदा.

ही टग १८८९ साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे डग्लस फर या लाकडात बांधली गेली. तेव्हा तिचे नाव 'वॉलोवा' होते. कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूचा मोठा उथळ पट्टा आहे आणि तिथल्या लाटांनी अनेक जहाजे बुडवली आहेत. शिडाच्या जहाजाने तो पट्टा केवळ वाऱ्याच्या भरवशावर ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून वाफेच्या टगला गिऱ्हाईक भरपूर होते. १८९८ साली क्लोंडाइकच्या सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली, तेव्हा 'वॉलोवा' अलास्काच्या मार्गावरही चालली.

काम बदलले, टग टिकली

पुढे वाफेची जहाजे वाढली व शिडाची कमी झाली. जुने गिऱ्हाईक गेले, पण टग बसून राहिली नाही. १९०४ नंतर ती वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंडच्या भागात आली आणि जंगलातून तोडलेल्या ओंडक्यांचे तराफे ओढून सॉ मिलपर्यंत पोचवू लागली.

१९२९ साली ती फॉस कंपनीने विकत घेतली. या कंपनीचा आरंभही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अँड्र्यू फॉस हा नॉर्वेहून आलेला सुतार. त्याची पत्नी थिया हिने १८८९ साली टॅकोमा येथे एक वापरलेली वल्ह्याची होडी घेतली. तिच्यापासून होड्या विकण्याचा व भाड्याने देण्याचा धंदा वाढला आणि त्यातून टगची मोठी कंपनी उभी राहिली.

१९३३ च्या 'टगबोट ॲनी' या चित्रपटासाठीही ही टग वापरली गेली. पुढच्याच वर्षी मालकांनी मोठा निर्णय घेतला. वाफेचे इंजिन काढून त्यांनी सिएटलच्या वॉशिंग्टन आयर्न वर्क्सचे ७०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले आणि टगला थोरल्या मुलाचे, आर्थरचे नाव दिले. सांगाडा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता, पण लाकूड निरोगी होते. म्हणून नवी टग न बांधता इंजिनावर पैसा घातला आणि तो पुढे चौतीस वर्षे उपयोगी पडला.

१९४१ च्या डिसेंबरात ही टग पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर बार्ज पोचवून परत निघाली. लवकरच जपानने पर्ल हार्बर व वेक बेटावर हल्ला केला. 'आर्थर फॉस' कशीबशी हवाईला पोचली. तिच्याच कंपनीची 'जस्टिन फॉस' मात्र वेकवर अडकून जपान्यांच्या हाती पडली. युद्धकाळात 'आर्थर फॉस'ने अमेरिकी नौदलाचे काम केले व नंतर ती पुन्हा ओंडके ओढण्याला लागली.

उतरती कळा

पोलादी टग आल्या तसा लाकडी टगचा हिशेब जमेना. पोलादी पत्रा खराब झाला तर तेवढा कापून नवा वेल्ड करता येतो. लाकडी बोटीत एक फळी बदलायची तर आधी आजूबाजूचे लाकूड तपासावे लागते, सांध्यांत काथ्या ठोकून वरून डांबर भरावे लागते. त्याला वाकबगार सुतार हवा आणि त्याची मजुरीही हवी. १९६८ साली टगने काम थांबवले. १९७० मध्ये ती सिएटलच्या नॉर्थवेस्ट सीपोर्ट या संस्थेला दान मिळाली व १९८९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली.

मान मिळाला, पण मानाने फळी बदलत नाही. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो, तर पावसाचे गोडे पाणी सांध्यांत मुरले की लाकूड कुजते. काम करणारी बोट आपला दुरुस्तीखर्च स्वतः कमावते, बांधून ठेवलेली बोट फक्त खर्च मागते. त्याच संस्थेकडे १८९७ सालचे 'वावोना' हे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज होते. दुरुस्तीचा पैसा जमला नाही, लाकूड कुजत गेले आणि २००९ साली ते मोडावे लागले.

कोकण किनाऱ्यावर ज्यांनी गलबते आणि मचवे बांधले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या धंद्यापुरते एवढे घ्यावे : मूळ सांगाडा चांगला असेल तर जुने अवजार टाकण्याची घाई करू नये. गिऱ्हाईक बदलले तर कामही बदलावे. आणि दुरुस्तीची रक्कम दर महिन्याच्या कमाईतूनच बाजूला काढावी. अवजार बंद पडल्यावर ती काढायला कमाईच उरलेली नसते.