दादांची उघडी मोटार

मी कॉलेजात मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीपासून नवकथेपर्यंत काहीही विचारा, तासभर बोलेन. पण मोटारीचे झाकण उघडून ‘यातला कार्बुरेटर कुठला?’ म्हणाल तर मान खाली घालीन. (आमच्या मोटारीला कार्बुरेटर नाहीच, हे मला गेल्या वर्षी कळले!) तेव्हा उघडी मोटार शर्यतीच्या रिंगणात पळवण्याविषयी हा मनुष्य काय लिहिणार, अशी शंका वाचकांना आली तर ती रास्त आहे. आमच्या वहिनींनाही ती आली होती. आणि त्यांना तर लेख नव्हे, पोटचा मुलगा माझ्या हवाली करायचा होता.

मोटार माझ्या थोरल्या बंधूंची. दादा बोटीवर इंजिनियर होते. सहा महिने दर्यावर आणि उरलेले दिवस दिघीच्या घरी. २००१ साली ते रजेवर आले ते म्हसळ्याच्या रस्त्याने एक लाल, बुटकी, दोनच माणसांची आणि बिनछपराची मोटार घेऊन. ‘सॅन स्टॉर्म’ तिचे नाव. सगळ्या गावाला ती विलायती वाटली. निघाली आपल्या गोव्याची! फायबर ग्लासचे अंग, रेनॉचे ११४९ सी.सी.चे इंजिन आणि सुमारे साठ घोड्यांची ताकद. आज साठ घोडे म्हणजे काहीच नव्हे, भाजी आणायच्या मोटारीलाही त्याहून जास्त असतात. पण अंगाने हलकी आणि बैठक रस्त्यापासून हातभर उंचीवर, त्यामुळे चाळिसाची गती ऐंशीसारखी वाटे. आमच्या आईने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “पावसात काय करणार?” दादांनी कापडी टप ओढून दाखवला. “आणि वरून नारळ पडला तर?” त्याला मात्र दादांपाशी उत्तर नव्हते.

ज्यांनी दिघी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, श्रीवर्धन तालुक्यात हे आमचे गाव. समोर पाण्यात जंजिरा. संभाजीराजांनी ज्याच्यासाठी समुद्रात सेतू बांधायला घेतला आणि तरीही जो हाती आला नाही, तो सिद्द्यांचा किल्ला आम्ही लहानपणी दात घासताना पाहत असू. आता पलीकडच्या आगरदांड्याहून मोटारी घेऊन जंगलजेट्टी येते आणि बंदराकडे मालट्रक धावतात. दादांच्या वेळी रस्त्यावर रहदारी अशी नव्हतीच. संध्याकाळी ते वहिनींना शेजारी बसवून दिवेआगरपर्यंत एक चक्कर मारून येत, एवढीच त्या मोटारीची चैन.

दादा २०१९ साली गेले. बोटीवर नव्हे, घरीच, झोपेत. मोटार खळ्याच्या पलीकडे मांडवात उभी राहिली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. आमचा मांडवही मोटारीवर बसला. झापे उपसून काढली तेव्हा काच फुटलेली आणि पुढच्या अंगाला एक लांब तडा, एवढेच दिसले. ‘फायबरला गंज चढत नाही’ असे दादा अभिमानाने सांगत. ते खरेच होते. पण आतला लोखंडी सांगाडा खाऱ्या वाऱ्याने कसा पोखरला आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

ते पाहिले माझ्या पुतण्याने. हा मुलगा पुण्यात इंजिनियरिंग शिकला, तिथेच नोकरीला लागला आणि पहिल्या वर्षाचा सगळा पगार त्याने बापाच्या मोटारीत घातला. सांगाड्याला जोड दिले, तडा बुजवला, पंधरा वर्षांवरच्या मोटारीची तपासणी करून नोंदणी नव्याने करून घेतली. इथवर मी त्याचे कौतुकच केले. पण मोटार चालू झाली आणि पोराच्या अंगात वारा शिरला. शनिवारी ताम्हिणीतून उतरायचे आणि रविवारी सकाळी दिघी ते श्रीवर्धन मोटार भरधाव सोडायची! एकदा मी शेजारी बसलो होतो. वेळासच्या वळणावर समोर शेळ्या आणि त्यांच्यामागे एक सातआठ वर्षांची पोर. ब्रेक लागले, मोटार आडवी होऊन थांबली. पोर हसली आणि शेळ्या हाकीत निघून गेली. मी घरी येऊन वहिनींना काही बोललो नाही. पण अशा बातम्या दिघीत मोटारीआधी घरी पोहोचतात. वहिनींनी किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली.

तीन आठवडे मायलेकांत अबोला! शेवटी तह करायचे काम माझ्याकडे आले. मी तोवर थोडे वाचले होते. वेग ही हौस असेल तर तिला जगभर जागा नेमून दिलेली आहे. इंग्रजांनी १९०७ सालीच ब्रुकलँड्स येथे मोटारींसाठी खास रिंगण बांधले. जर्मनीत १९२७ साली सुरू झालेल्या न्युर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरांहून लांब वाटेवर ठरलेल्या दिवशी कोणीही तिकीट काढून आपली घरची मोटार नेतो. आपल्याकडे ही हौस विमानांच्या ओसाड धावपट्ट्यांवर वाढली. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली धावपट्टी होती, तिच्यावर वर्षानुवर्षे शर्यती झाल्या. आमचे वडील मुंबईत नोकरीला असताना जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती बघायला जात. घरी आल्यावर आजोबांना मात्र ‘चौपाटीवर गेलो होतो’ म्हणून सांगत! पुढे १९९० साली मद्रासच्या क्लबाने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे पक्के रिंगण केले: सुमारे पावणेचार किलोमीटरांची वाट आणि बारा वळणे. कोइमतूरजवळ दुसरे आहे, ते करिवर्धन या हुन्नरी गृहस्थाच्या नावाने. मारुतीचे इंजिन घालून स्वस्तातली शर्यतीची मोटार त्यांनी घडवली आणि त्यामुळे कितीतरी मध्यमवर्गी पोरांना हा खेळ परवडला. ते १९९५ साली छोट्या विमानाच्या अपघातात गेले. दिल्लीजवळचे बुद्ध रिंगण २०११ चे. फॉर्म्युला वनची मोठी शर्यत तिथे तीन वर्षे झाली आणि मग थांबली.

या रिंगणांवर शर्यती नसतात तेव्हा काही दिवस हौशी लोकांसाठी ठेवलेले असतात. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. आपली मोटार आणायची, फी भरायची आणि नियमात राहून पळवायची. मी वहिनींना म्हणालो, “आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींचे बघा ना. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्या बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून सोडल्या आणि २०२३ साली कायद्यावर शिक्कामोर्तब केले. हौस मारली नाही, तिला कुंपण घातले.” वहिनींनी शांतपणे विचारले, “भावजी, त्या कुंपणात तुम्ही बसणार का त्याच्या शेजारी?” मी हो म्हणालो. प्राध्यापकाने उदाहरण देताना सांभाळून द्यावे!

तयारीला दोन महिने गेले. उघड्या मोटारीची खरी भीती ती उलटण्याची. डोक्यावर छप्पर नाही, म्हणजे पहिला टेकू डोक्याचाच. म्हणून बैठकीच्या मागे सांगाड्याला जोडलेली पोलादी कमान बसवली. ती उंच हवी. बसलेल्या माणसाचे हेल्मेट तिच्याखाली राहिले पाहिजे. टायर नवे घेतले. विम्याचा कागद मी स्वतः वाचला (वाचायचे काम मला जमते) आणि त्यात शर्यत व वेगाची चाचणी यांना विमा लागू नाही असे स्वच्छ छापलेले आढळले. म्हणजे काही झाले तर सगळे आपल्याच खिशातून. शेवटी खर्चाच्या यादीत ब्रेकचे तेल उरले. पुतण्या म्हणाला, “काका, हे बदलू या.” मी बाटलीत डोकावून पाहिले. तेल दिसायला स्वच्छ होते. “पुढल्या वेळी बदल,” मी म्हणालो.

गेल्या जानेवारीत मोटार ट्रकच्या पाठीवर चेन्नईला गेली आणि आम्ही दोघे रेल्वेने. सकाळी सहाला रिंगणावर पोहोचलो तर तिथे जत्राच भरलेली! लाखांच्या परदेशी मोटारी होत्या, तशा वीस वर्षांच्या मारुत्याही होत्या. एक निवृत्त बँक अधिकारी पत्नी आणि इडलीचा डबा घेऊन आले होते. मोटारींची तपासणी सुरू झाली. आतले सुटे सामान, पायाखालची सतरंजी, माझ्या बैठकीखालची पाण्याची बाटली, सगळे काढायला लावले. अशी बाटली घरंगळून ब्रेकच्या पायट्याखाली गेली तर काय होईल, हे मला समजावून सांगितले. मग सर्वांना उभे करून शिकवणी झाली. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, ओलांडायचे नाही. लाल म्हणजे सावकाश परत या. निळे म्हणजे मागे वेगवान मोटार आहे. काळे निशाण तुम्हांला दाखवले तर तुमचे काही चुकले आहे, आत येऊन ऐकून घ्या. ओलांडायचे ते सरळ वाटेवरच, आणि तेही पुढच्याने हात करून वाट दिली तर! माझ्या वर्गात इतकी शांतता मी वीस वर्षांत पाहिलेली नाही.

पहिल्या वीस मिनिटांत मी डोळे मिटले होते, हे कबूल करतो. दुसऱ्या खेपेला उघडले. तेव्हा कळले की यात नुसते दामटणे नाही; उलट, खरी विद्या थांबण्याची आहे. ब्रेक मारायचा तो वळणाआधी, चाके सरळ असताना. मग वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचे, आतल्या कडेला स्पर्श करून पुन्हा बाहेर पडायचे. नजर बोनेटवर नाही, जिथे जायचे तिथे. अनुभवी शिक्षक शेजारी बसून पुतण्याला एकच वाक्य ऐकवत होता: “सावकाश आत, जोरात बाहेर.” छप्पर नसल्याने टायरांचे कुरकुरणे, तापलेल्या रबराचा वास, सगळे थेट अंगावर येते. दादांना काय आवडत होते ते मला त्या वाटेवर पहिल्यांदा कळले.

तिसऱ्या खेपेला ते झाले. सरळ वाटेच्या शेवटी पुतण्याने पाय दाबला आणि त्याच्या तोंडून ‘अरे’ एवढाच शब्द निघाला. पायटा लोण्यात गेल्यासारखा तळापर्यंत गेला होता. त्याने पाय दोनतीनदा मारला, गियर खाली ओढला, आणि वळण घेण्याचा मोह टाळून मोटार सरळ वाटेबाहेरच्या मातीत घातली. धूळ, खडखडाट, मग शांतता. माझे दोन्ही हात डॅशबोर्डला चिकटलेले. दोघांना खरचटलेसुद्धा नव्हते.

कारण त्या इडलीवाल्या बँक अधिकाऱ्यांनी सांगितले. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ओल शिरली की ते लवकर उकळते. उकळले की नळीत वाफ होते. आणि वाफ दाबली जाते, तेलासारखी जोर पुढे पोहोचवीत नाही. रोजच्या चालवण्यात हे कळतही नाही. रिंगणात ब्रेक तापतात तेव्हा कळते. “मोटार कुठे असते तुमची?” त्यांनी विचारले. समुद्रकाठी, म्हणालो. ते फक्त हसले आणि आपल्या पेटीतून बंद डबा काढला. जुने तेल काढून नवे भरायला आणि नळीतली हवा काढायला दीड तास लागला. पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी त्यांना पुण्याची बाकरवडी दिली.

पुतण्या मात्र मोटारीपाशी न थांबता कठड्यावर जाऊन बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, “काका, हेच वेळासच्या वळणावर झालं असतं तर?” मी काय सांगणार? बाटलीत डोकावून ‘स्वच्छ आहे’ म्हणणारा मीच. तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, “चालवतो मी आहे. बदलायला मीच हवं होतं.”

दुपारी तो पुन्हा गेला, जरा जपून. मग मला म्हणाला, तुम्ही चार फेऱ्या घ्या. घेतल्या. त्या दिवशी रिंगणावर जेवढ्या मोटारी होत्या तेवढ्या सगळ्यांनी मला ओलांडले आणि मी प्रत्येकाला हात करून अदबीने वाट दिली. शेवटची फेरी सावकाश, ब्रेक थंड व्हावेत म्हणून. आणि थांबल्यावर हातब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या चकत्यांना तो मानवत नाही. हे मी आता इतरांना सांगतो, जाणकाराच्या आवाजात.

दिघीला परतल्यावर मी वहिनींना सगळे सांगितले, माझ्या बचतीसकट. त्या ऐकत तांदूळ निवडत राहिल्या. दोन दिवस कोणी मोटारीचे नाव काढले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली, पदराने पुसली, मुलापुढे ठेवली आणि डोक्याला रुमाल बांधून बाहेर मोटारीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मी पडवीतून पाहत होतो. मोटार दिवेआगरच्या दिशेने बैलगाडीच्या चालीने निघाली. तासाभराने परत आली तशीच, हळूहळू, आणि आवाराच्या दाराशी वहिनींचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला:

“तुझे बाबा याहून जरा जोरात चालवायचे हो.”

किल्ली मात्र त्या रात्री परत तांदळाच्या डब्यात गेली.